वार्षिक फीवालं क्रेडिट कार्ड : ठेवायचं का बंद करायचं, आणि कधी

मागच्या महिन्यात जेवणाच्या सुट्टीत आमच्या कारखान्यातला डिस्पॅचचा पोरगा मोबाइल पुढं धरून माझ्या टेबलापाशी आला. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, मी तिथं अकाउंट्स बघतो, त्यामुळं कुणालाही बँकेचा मेसेज कळला नाही की तो माझ्याकडं येतो हे आता ठरूनच गेलंय. म्हणला, "साहेब, ५९० रुपये लावलेत बघा. कार्ड देताना लाइफटाइम फ्री म्हणाला होता की तो." मी म्हणलं लिहून दिलं होतं का? नाही. पेट्रोल पंपावर टेबल टाकून बसलेल्या पोरानं तोंडी सांगितलेलं, ह्यानं आधार-पॅन दिलं, आठ-दहा दिवसात कार्ड घरी. आणि लगेच पुढचा प्रश्न, "मग बंद करू का?"

हा प्रश्न मला वर्षातनं दहा-बारा वेळा तरी येतो, म्हणून म्हणलं एकदाच सगळं लिहून टाकावं. पहिल्यांदाच कार्ड घेतलेल्यांसाठी आहे हे, मुरलेल्यांनी वाचलं नाही तरी चालेल. माझं म्हणणं एवढंच आहे की कार्ड चांगलं का वाईट ह्यावर वाद घालत बसू नका, गेल्या बारा महिन्यात त्या कार्डानं तुमच्या खिशात किती रुपये टाकले ते स्टेटमेंट काढून बघा, आणि हे फी लागायच्या आधी बघा, लागल्यावर नाही.

पहिलं काम : फी किती आणि कुठल्या महिन्यात

५९० म्हणजे ५०० फी आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ९०. कार्ड देताना सांगतात ५००, ९९९, २,५००, पण बिलात येतात ५९०, १,१७९, २,९५०. हिशोबाला नेहमी जीएसटीसकटचाच आकडा धरा. दुसरं, हे पैसे तुमच्या बचत खात्यातनं "कापलेले" नसतात, कार्डाच्या बिलात चढवलेले असतात. म्हणजे बिल भरेपर्यंत तुमच्याकडं बोलायला वेळ असतो, पण गप्प बसलात तर ती थकबाकी होते आणि त्यावर लेट फी, लेट फीवर परत जीएसटी अशी शेपूट वाढत जाते.

पहिल्या वर्षी लागते ती जॉइनिंग फी, दुसऱ्या वर्षापासनं लागते ती रिन्युअल किंवा वार्षिक फी. बऱ्याच कार्डांना पहिलं वर्ष फुकट असतं आणि तिथंच माणूस फसतो, कारण "फर्स्ट इयर फ्री" आणि "लाइफटाइम फ्री" हे टेबलावरच्या पोराच्या तोंडात सारखंच वाजतं. अर्जासोबत एका पानाचं की फॅक्ट स्टेटमेंट द्यायचं असतं असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, फी त्यात लिहिलेली असते. ते सापडत नसेल तर मेलमध्ये "वेलकम" शोधा, नाहीतर बँकेच्या साइटवर एमआयटीसी नावाची, म्हणजे कार्डाच्या महत्त्वाच्या अटींची, लांबलचक पीडीएफ असते त्यात बघा.

आता महिना. इथं मी स्वतः तोंडावर पडलेलो आहे म्हणून जरा नीट सांगतो. बऱ्याच कार्डांना "वर्षात अमुक इतका खर्च केला तर फी माफ" अशी अट असते. मी अकाउंट्सवाला, माझ्या डोक्यात वर्ष म्हणजे एप्रिल ते मार्च, दुसरं काही शिरतच नाही. मला वर्षाला एक लाख खर्च करायचा होता आणि मी निवांत होतो की मार्चमध्ये गाडीचा इन्शुरन्स आणि घराची दोन-तीन मोठी बिलं आहेत, होऊन जाईल. आणि डिसेंबरच्या स्टेटमेंटात फी हजर. कार्ड १४ नोव्हेंबरला मिळालेलं, त्याचं वर्ष नोव्हेंबरला संपलं, मी सहा हजारांनी कमी पडलेलो. ऑफिसात लोक अजून त्यावरनं हसतात, दुसऱ्यांचे ताळेबंद जुळवतो आणि स्वतःचं वर्ष कधी संपतं ते माहिती नाही म्हणून.

तर कार्डाचं वर्ष हे साधारण कार्ड ज्या तारखेला दिलं तिथनं मोजतात. ॲपमध्ये कुठंतरी "ॲन्युअल स्पेंड" किंवा "फी वेव्हर" असा बार दिसतो, तिथं तारीख असते. दिसत नसेल तर कस्टमर केअरला सरळ विचारा, माझं कार्डाचं वर्ष कुठल्या तारखेला संपतं आणि आजपर्यंत माफीसाठी धरलेला खर्च किती. आणि शेवटच्या दिवशी खर्च करून भागत नाही बरं का, व्यवहार बिलात पोस्ट व्हायला एक-दोन दिवस जातात, काही ठिकाणी पोस्टिंगची तारीख धरतात.

ही तारीख कळली की मोबाइलच्या कॅलेंडरात त्याच्या दोन महिने आधीचा रिमाइंडर लावा. ठेवायचं-बंद करायचं ते त्या दिवशी ठरवायचं.

दुसरं काम : रुपयातला हिशोब

आमच्या वहिनीचं उदाहरण देतो, तिची परवानगी आहे, उलट "लिही की, दुसऱ्या बायका तरी शहाण्या होतील" म्हणली. तिच्याकडं ९९९ वालं कार्ड, जीएसटीसकट १,१७९. दीड लाख खर्च केला तर माफ. रिमाइंडर मीच लावून दिलेला, त्या दिवशी आम्ही बारा स्टेटमेंट काढली आणि चहा घेत बसलो.

एकूण खर्च निघाला १,३१,४००. त्यातलं पेट्रोल आणि वॉलेटमध्ये भरलेले मिळून २२,०००, ह्यावर त्या कार्डाला पॉइंटही नाही आणि माफीसाठी ते धरतही नाहीत. हे फार कॉमन आहे, पेट्रोल, घरभाडं, वॉलेट, ईएमआय केलेली खरेदी, काही ठिकाणी इन्शुरन्स, शाळेची फी, सरकारी भरणा हे सगळं वगळलेलं असतं आणि ही यादी कार्डागणिक बदलते. तर राहिले १,०९,४००.

पॉइंट शंभराला दोन. ऐकायला बरं वाटतं, पण एका पॉइंटची किंमत २५ पैसे. म्हणजे शंभराला आठ आणे, अर्धा टक्का. २,१८८ पॉइंट झाले, त्याचे ५४७ रुपये. ते घ्यायला रिडेम्प्शन चार्ज ९९ अधिक जीएसटी म्हणजे ११७. हातात आले ४३०. एकावर एक सिनेमाचं तिकीट दोनदा वापरलेलं, त्याचे ४०० धरले. एअरपोर्ट लाउंज वर्षाला आठ वेळा फुकट, वापरलं शून्य वेळा.

एकूण ८३० रुपये फायदा, १,१७९ फी. ३४९ नं तोटा. वहिनी म्हणली एवढंच ना, साडेतीनशे रुपये काय एवढे. थांबा म्हणलं. तिच्याकडं दुसरं एक कार्ड आहे, खरंच फुकटवालं, एक टक्का कॅशबॅक देतं, ते कपाटात पडून. तेच १,०९,४०० त्या कार्डावर गेले असते तर १,०९४ रुपये आले असते, फी काही नाही. म्हणजे खरा खड्डा ३४९ चा नाही, १,४४३ चा. बहुतेक लोक हीच पायरी गाळतात. फीवाल्या कार्डाची तुलना "काहीच नसण्याशी" करतात, ती करायची असते तुमच्याकडच्या फुकट कार्डाशी.

तुम्हाला पटकन अंदाज घ्यायचा असेल तर असं करा, फीवालं कार्ड फुकटवाल्यापेक्षा किती टक्के जास्त देतं ते काढा आणि फीला त्यानं भागा. जास्तीचा एक टक्का मिळत असेल तर १,१७९ फी वसूल व्हायला १,१७,९०० चा खर्च लागतो, अर्धाच टक्का जास्त असेल तर २,३५,८०० चा. एवढा तुमचा धरला जाणारा खर्च आहे का, हा प्रश्न. असेल तर कार्ड खुशाल ठेवा, फी आहे म्हणून कार्ड वाईट असं काही नसतं. आमच्या कारखान्याचे एक पार्टीवाले आहेत, महिन्यातनं दोनदा विमानानं फिरतात, त्यांची फी दहा हजाराची आहे आणि ती त्यांना सहज परवडते.

लाउंजबद्दल दोन शब्द, कारण सोलापुरात फीवाली कार्डं ह्याच नावावर खपवतात. लाउंजमध्ये जेवलात तर "बाराशे रुपये वाचले" असं लिहू नका. लाउंज नसतं तर तुम्ही बाराशे रुपयांचं जेवला असतात का? शेंगाचटणी-भाकरी डब्यात बांधून नेणारी माणसं आपण. जे तुम्ही एरवी खिशातनं खर्च केलेच असते तेवढेच धरायचे. शिवाय हल्ली बऱ्याच बँकांनी लाउंजला अट घातलीय, मागच्या तिमाहीत इतका खर्च केला असेल तरच. आणि आपला प्रवास कुठला, पुण्याला हुतात्मा नाहीतर वंदे भारत, मुंबईला सिद्धेश्वर. २०२५ मध्ये होटगी रोडच्या विमानतळावरनं गोवा आणि मुंबईची विमानं सुरू झाली हे खरं, पण तुमच्या कार्डाच्या लाउंजच्या यादीत सोलापूर आहे का ते आधी उघडून बघा.

रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून भाजीपासनं सगळं स्कॅन करणाऱ्यांनी एक बघावं, यूपीआयच्या खर्चावर पॉइंट मिळतात का आणि तो माफीत धरतात का. दोन्हीची उत्तरं वेगवेगळी असू शकतात.

आणि जो माणूस दर महिन्याला मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली कमीत कमी रक्कम, तेवढीच भरून ढकलतोय त्यानं हा सगळा हिशोब सोडून द्यावा. महिन्याला साधारण साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के व्याज, वर नवीन खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. तिथं पाचशेची फी हा विषयच नाही, आधी बाकी संपवा.

माफीसाठी खर्च करू का?

वहिनी दीड लाखाला ४०,६०० नं कमी होती. तिच्या डोक्यात लगेच वॉशिंग मशीन आलं. जुनं चांगलं चालतंय. नवी पेठेत जाऊन आली सुद्धा, दुकानदार म्हणला कार्ड घासणार असाल तर दोन टक्के वर. ४०,६०० चे दोन टक्के ८१२. म्हणजे १,१७९ वाचवायला ८१२ घालवायचे आणि नको असलेलं मशीन घरात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

जे येत्या दोन महिन्यात भरायचंच आहे ते आधी ओढून घेणं मात्र चालतं, गाडीचा इन्शुरन्स, पोरांच्या क्लासची फी, महावितरणचं बिल, फक्त त्या प्रकारचा खर्च माफीत धरतात का ते आधी तपासा आणि कार्डासाठी वेगळा चार्ज लावतात का तेही बघा. माझा साधा नियम, पाच-सात हजार कमी असतील आणि ते खर्च होणारच असतील तर करा, त्याच्या पुढं असेल तर नाद सोडा.

तिसरं काम : आत्ता बंद करायची वेळ आहे का

हिशोबात कार्ड नापास झालं तरी लगेच बंद करायचं असं नाही. आधी हे बघा की येत्या सहा महिन्यात तुम्ही घराचं, गाडीचं कुठलं कर्ज काढणार आहात का. जुळे सोलापूरला फ्लॅट बघताय, बँकेत फाइल द्यायचीय, अशा वेळी कार्डाला हात लावू नका. कारण असं.

समजा दोन कार्डं आहेत, एकाची लिमिट एक लाख, दुसऱ्याची साठ हजार, आणि महिन्याचा वापर चाळीस हजार. १,६०,००० पैकी ४०,००० म्हणजे २५ टक्के वापर. आता लाखाचं कार्ड बंद केलं की तेच ४०,००० साठ हजारांपैकी, म्हणजे ६७ टक्के. तुमचा खर्च एक रुपयानं वाढलेला नाही पण कागदावर तुम्ही लिमिट ओरबाडून खाणारा माणूस दिसता, आणि सिबिल स्कोअर, म्हणजे कर्ज द्यायच्या आधी बँका बघतात तो तुमच्या परतफेडीचा आकडा, त्यानं घसरू शकतो. ३० टक्क्याच्या आत वापर ठेवावा असं सगळेच सांगतात, ते ह्याच्यासाठी. कर्जाचं व्याज स्कोअरवर ठरणार असेल तर वीस लाखाच्या लोनवर पाव टक्का सुद्धा ह्या फीपेक्षा कितीतरी जास्त पडतो. तिथं गपचूप ५९० भरा आणि लोन हातात पडल्यावर बघा.

सगळ्यात जुनं कार्ड असेल तरी जरा विचार करा, जुनं खातं असणं स्कोअरला बरं असतं. पण ह्या भीतीचा लोकांनी बाऊ पण करून ठेवलाय. माझ्याकडं एक जण पाच कार्डांची फी भरत होता, का तर "सिबिल पडंल". ३०० ते ९०० मधला तो आकडा आहे, नियमित भरणाऱ्या माणसाचं एक कार्ड बंद केलं तर थोडा हलतो आणि काही महिन्यात सावरतो. कर्ज काढायचं नसेल तर त्या हलण्यानं तुमचं काहीही अडत नाही. मात्र तुमच्याकडं एकच कार्ड असेल तर आधी दुसरं फुकटवालं हातात येऊ द्या, मग हे सोडा.

चौथं काम : फोन

बंद करायच्या आधी एक फोन करायचाच. नंबर कार्डाच्या मागं छापलेला असतो तोच लावायचा किंवा ॲपमधनं. गुगलवर "कस्टमर केअर" शोधून पहिला दिसेल तो नंबर लावायचा नाही, तिथं चोर बसलेले असतात. आणि उलटं, तुम्हालाच कुणाचा फोन आला की "तुमची वार्षिक फी माफ करतो, ओटीपी सांगा" तर तो शंभर टक्के भामटा, फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा, उशीर करू नका.

फोनवर लाजायचं नाही आणि भांडायचं पण नाही. मी सरळ असं सांगतो : "मॅडम, फी येतीय, माझा वापर तेवढा नाही, दुसरं फुकट कार्ड आहे माझ्याकडं. फी माफ होत असेल तर ठेवतो, नाहीतर बंदची रिक्वेस्ट घ्या." बहुतेक वेळा तीनपैकी एक होतं. सरळ माफ होते. किंवा म्हणतात नव्वद दिवसात अमुक हजार खर्च करा मग फी उलटी करू. किंवा नाही म्हणतात. दुसरं असेल तर ते मेलवर किंवा मेसेजवर मागून घ्या, तोंडी नको, कारण तीन महिन्यांनी फोन उचलणारा माणूस दुसरा असतो.

चौथा रस्ता ते आपणहून सांगत नाहीत, तुम्ही विचारायचा : ह्याच बँकेचं बिनफीचं कार्ड आहे का, त्याच्यावर बदलून देता का? ह्यात बहुतेक खातं तेच राहतं, लिमिट राहते, फी जाते. वहिनीचं असंच झालं, कार्ड बंद न करता खालचं फुकटवालं करून दिलं. फक्त कार्डाचा नंबर बदलला त्यामुळं तिचे दोन ऑटोपे अडकले, एक महिना मोबाइलचं बिल थकलं आणि त्याचं खापर माझ्यावर.

फी आधीच लागली असेल तरी फोन करा. डिस्पॅचच्या पोराला पहिल्या फोनवर नाही म्हणाले, दुसऱ्या दिवशी परत केला तर म्हणाले बंद करणार असाल तर फी उलटवतो. फी सोबत जीएसटी पण उलटवा म्हणून सांगायला विसरू नका. पण प्रत्येक बँक असं करेलच असं नाही, म्हणून तर आधी दोन महिने.

दोन खास परिस्थिती. बँकेनं मध्येच फी वाढवली तर निदान एक महिना आधी कळवावं लागतं आणि त्या कारणानं तुम्ही कार्ड परत केलं तर बंद करायचा जादा चार्ज लावता येत नाही. आणि कार्ड आलंय पण तुम्ही चालूच केलेलं नाही, तीस दिवस झाले, तर बँकेला तुमच्याकडनं ओटीपीनं संमती मागावी लागते, तुम्ही दिली नाही तर बिनखर्चात बंद करावं लागतं. म्हणजे नको असलेल्या कार्डासाठी आलेला तो ओटीपी कुणाला सांगू नका, बस.

पाचवं काम : बंद करताना

आधी मी काय केलं ते ऐका, म्हणजे तुम्ही करणार नाही. पाच-सहा वर्षांपूर्वी एक कार्ड नको झालं, मी कात्रीनं त्याचे चार तुकडे केले आणि डस्टबिनमध्ये टाकले. झालं बंद, असं मला वाटलं. खातं चालूच. वर्ष भरलं, ४९९ ची फी लागली, जीएसटीसकट ५८९, मेसेज जुन्या मोबाइल नंबरवर जात राहिले जो मी सोडलेला. पुढं बाइकचं लोन काढायला गेलो तेव्हा तिथल्या लोनवाल्या पोरानं स्क्रीन फिरवून दाखवली, थकबाकी पावणेपाच हजार. वस्तू एक नाही घेतलेली. बँकेचं नाव सांगत नाही, आता मिटलंय, पण ते मिटवायला चार महिने गेले.

प्लास्टिक तोडलं म्हणजे खातं बंद होत नाही. वर्षभर न वापरलेलं कार्ड बँकेनं कळवून, तीस दिवस उत्तराची वाट बघून बंद करावं असा नियम २०२२ पासनं आहे, पण तो सुद्धा थकबाकी नसेल तरच, आणि फी लागली की थकबाकी झालीच. त्यामुळं त्याच्या भरवशावर बसू नका.

क्रम असा ठेवा. पॉइंट आधी वापरून टाका, खातं बंद झालं की ते गेले. मग ऑटोपे बघा, ओटीटी, मोबाइल, लाइटबिल, फास्टॅग काय काय जोडलंय ते दुसरीकडं हलवा. ईएमआय चालू असेल तर बंद करताना राहिलेली सगळी रक्कम एकदम भरावी लागते आणि वर मुदतीआधी फेडल्याचा फोरक्लोजर चार्ज, दोन-तीनच हप्ते राहिले असतील तर ते संपू द्या. ऑनलाइन काही परत केलं असेल तर रिफंड येऊ द्या. बायकोच्या किंवा भावाच्या नावचं ॲड-ऑन कार्ड असेल तर ते पण बंद होणार, त्यांना आधी सांगा, नाहीतर डी-मार्टच्या काउंटरवर पंचाईत. एफडी ठेवून घेतलेलं कार्ड असेल तर एफडीवरचा लिएन, म्हणजे बँकेचा ताबा, कधी काढणार ते विचारा.

मग बाकी पूर्ण शून्य करा. शून्य म्हणजे शेवटच्या स्टेटमेंटची रक्कम नाही, त्यानंतर झालेला खर्च पण, ज्याला ॲपमध्ये अनबिल्ड म्हणतात. एकवीस रुपये राहिले म्हणून बंद न झालेली कार्डं मी बघितलीत. जास्त भरले गेले तर ते बँकेनं तुमच्या खात्यात परत द्यायचे असतात, त्यामुळं कमीपेक्षा जास्त बरे.

आता रिक्वेस्ट. हेल्पलाइन, मेल, साइटवरची लिंक, नेटबँकिंग, ॲप, ह्यातल्या कुठल्याही रस्त्यानं करता येते. शाखेत या, पोस्टानं अर्ज पाठवा असा आग्रह धरून उशीर लावता येत नाही. मी मेलच करतो, पुरावा राहतो. चार ओळी पुरे : कार्डाचे फक्त शेवटचे चार आकडे, बाकी शून्य आहे, खातं कायमचं बंद करा, बंद झाल्याचं मेलवर कळवा. पूर्ण नंबर, सीव्हीव्ही कधीही लिहायचा नाही. सर्व्हिस रिक्वेस्ट नंबर येईल तो आणि तारीख लिहून ठेवा, "ब्लॉक" नाही "क्लोज" लिहिलंय ना ते बघा. ब्लॉक म्हणजे कार्ड थांबलं, खातं आणि फी चालूच.

बाकी नसेल तर सात कामाच्या दिवसात बंद करावं लागतं. नाही केलं तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये दंड, आणि तो तुम्हाला द्यायचा, रिझर्व्ह बँकेला नाही. मधल्या काळात चार-पाच फोन येतील, "सर, आणखी चांगली ऑफर आहे". तुमचा हिशोब झालेला असेल तर "नको, बंदच करा" एवढंच म्हणा. त्या फोनवर "बरं बघू" म्हणलात की काही ठिकाणी रिक्वेस्ट रद्द करून टाकतात.

बंद झाल्यावर

बंदचा मेल आला की प्लास्टिक तोडा, चिप आणि मागची पट्टी दोन्हीवरनं कात्री फिरवा. मेल एका वेगळ्या फोल्डरमध्ये टाका, नो ड्यूज सर्टिफिकेट देत असतील तर तेही मागा. ऑटो डेबिट लावलेलं असेल तर बँकेतनं ते मँडेट, म्हणजे पैसे कापायची परवानगी, पण काढा.

मग महिना-सव्वा महिन्यानं क्रेडिट रिपोर्ट काढा. कार्ड बंद झाल्याची माहिती बँकेनं तीस दिवसात क्रेडिट ब्युरोंना, म्हणजे कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांना, द्यायची असते. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क, चौघांकडनं वर्षाला एकेक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, कुणाला पैसे द्यायची गरज नाही. त्यात खात्यापुढं "क्लोज्ड" असायला हवं आणि बाकी शून्य. "सेटल्ड" दिसलं तर लगेच तक्रार करा, त्याचा अर्थ पूर्ण न भरता तडजोड केली असा होतो आणि पुढच्या कर्जाला ते नडतं. ब्युरोच्या साइटवरनं दुरुस्ती मागता येते, तीस दिवसात निकाल नाही लागला तर त्यांनाही दिवसाला १०० रुपये द्यावे लागतात.

बँकेनं ऐकलंच नाही तर आधी बँकेकडं लेखी तक्रार, तीस दिवसात उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं, त्यांच्या सीएमएस नावाच्या तक्रारीच्या पोर्टलवर. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही, १४४४८ वर माहिती मिळते. तिथं तुमचा तो मेल आणि रिक्वेस्ट नंबर लागतो.

डिस्पॅचच्या पोराचं कार्ड पाचव्या दिवशी बंद झालं, ३११ पॉइंट वापरायचे राहिले ते गेले. बंदचा मेल त्यानं मला पण फॉरवर्ड केलाय, "साहेब, तुमच्याकडं पण राहू द्या" म्हणून. रिपोर्ट अजून काढायचाय, तीस दिवस येत्या एकवीस तारखेला होतात.